कॉफीची भाजणी

अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या फौजेच्या शिध्याचा एक नियम होता. दर १०० शिध्यांमागे १० पौंड कच्ची कॉफी द्यायची, आणि भाजून दळलेली द्यायची झाली तर ८ पौंड. सगळी हयात बँकेत काढलेल्या माझ्यासारखीला असा नियम वाचून समाधान वाटतं. मधले २ पौंड कुठे गेले, हे कोणी विचारायचं नाही. काही पाण्याची वाफ झाली, काही फोलपटं उडाली, काहीचा धूर झाला. बंगळूरला बसवनगुडीतल्या आमच्या घरी सासूबाई किलोभर बी भाजायच्या आणि गार झाली की पुन्हा तराजूत घालायच्या. ८३०-८४० ग्रॅम भरली की चेहरा प्रसन्न. ८०० च्या खाली गेली की म्हणायच्या, "आज पुढे गेली गं." मग त्या डब्यात चिकोरी हात राखून पडायची. वॉशिंग्टनच्या फौजी कारकुनाचा आणि त्यांचा हिशोब असा जुळत होता, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

हल्ली पुण्यातली मुलं घरी कॉफी भाजतात. माझ्याकडे कोणी ना कोणी विचारायला येतं: कढई कुठली, बी कुठून आणायची, किती वेळ ठेवायची. त्यांच्या बोलण्यात एक सूर असतो, आपण काहीतरी नवीनच करतोय असा. छंद नवा असेल, काम फार जुनं आहे. येमेनमधले सूफी रात्रीच्या जपाला जागं राहण्यासाठी कॉफी प्यायला लागले त्याला साधारण ५५० वर्षं झाली. त्यातली पहिली ४०० वर्षं तरी घरोघरी आणि कॉफीखान्याच्या मागच्या अंगणात, ज्याने त्याने आपापली बी भाजली. भाजलेल्या कॉफीची पुडी वाण्याकडून आणणं हे अलीकडचं आहे.

याला कारण कॉफीच्या बीचा स्वभाव. कच्ची बी नीट वाळलेली असली, म्हणजे तिच्यात १०-१२ टक्के ओल उरलेली असली, की कोरड्या जागी वर्षभर बसून राहते. भाजली की पंधरवड्यात तिचा वास उतरायला लागतो. दळली की दोन-तीन दिवसांतच. त्यामुळे व्यापार झाला तो कच्च्या बीचा. येमेनच्या मोखा बंदरातून गोण्या निघत आणि सुरतेला उतरत. इंग्रजांचा वकील टॉमस रो याच्याबरोबर जहांगिराच्या काळात इथे असलेला पाद्री एडवर्ड टेरी याने लिहून ठेवलंय की इथले धर्माचे कडक लोक दारूला शिवत नाहीत, काळी बी पाण्यात उकळून पितात. बी काळी, म्हणजे कोणीतरी भाजलेली. म्हणजे १६१७-१८ च्या सुमाराला या देशात कॉफी भाजली जात होती, आणि तोवर इथे तिचं एक झाडही लागलेलं नव्हतं अशी सगळ्यांची समजूत आहे.

झाड आणलं सूफी संत बाबाबुडन यांनी, १७ व्या शतकात. हजहून परतताना येमेनहून ७ बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका. आकडा सातच असणार, सहा किंवा आठ असता तर आख्यायिका झाली नसती. तीच आख्यायिका असंही सांगते की अरब व्यापारी उगवणारी बी बाहेर जाऊ देत नसत, उकडून किंवा भाजूनच देत. एवढी गोष्ट मात्र शास्त्राला धरून आहे, भाजलेली बी उगवत नाही. त्या डोंगरावरच्या गुहेत दत्तपादुका आहेत आणि बाबाबुडन यांची गादीही आहे, त्यावरून वाद होऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. दत्तभक्तांच्या घरातली म्हणून मी तिथे गेले होते. खाली येताना वळणावर कोवळ्या कॉफीच्या फुलांचा वास आला. तो जाईसारखा असतो, आणि त्याचा भाजलेल्या कॉफीशी काडीचा संबंध नसतो.

घरची भाजणी मूळ रूपात बघायची तर इथिओपियाची बघावी. पुण्यात आमच्या शेजारच्या इमारतीत तिकडची एक विद्यार्थिनी राहायची, तिने एकदा बोलावलं. फरशीवर हिरवं गवत पसरलेलं. तिने बी आधी धुतली, मग पसरट लोखंडी तव्यावर घालून छोट्या शेगडीवर हलवत बसली. बी काळी चमकायला लागली तसा तवा उचलून प्रत्येकाच्या नाकापुढून फिरवला. धूर हाताने आपल्याकडे ओढून घ्यायचा आणि छान म्हणायचं, ही रीत. मग खलात कुटणं, मग लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळणं. तीच पूड तीनदा उकळतात. पहिल्या फेरीला अबोल म्हणतात, दुसरीला तोना, तिसरीला बरका. तिसरी अगदी पातळ असते, पण तिच्याआधी उठणं हा यजमानाचा अपमान. सगळ्याला दोन तास लागले. अरबस्तानातले बेदू लोकही लांब दांड्याच्या पळीत बी भाजून लाकडी उखळात तालात कुटतात. आवाज ऐकून शेजारच्या तंबूतले येतात, वेगळं आमंत्रण लागत नाही.

वासानेच माणूस पकडून देण्याची गोष्ट मात्र प्रशियात घडली. तिथला राजा दुसरा फ्रेडरिक याला कॉफीपायी देशाबाहेर जाणारा पैसा सलत होता. १७८१ मध्ये त्याने कॉफी भाजणं हा सरकारी मक्ता करून टाकला. सामान्य माणसाने सरकारने भाजलेली, डब्यात भरलेली, भरमसाट महाग कॉफी घ्यायची. घरी भाजायचा परवाना फक्त सरदार, लष्करी अधिकारी, धर्मगुरू असल्या वरच्या लोकांना. पण कच्ची बी चोरून येत होती, आणि कच्च्या बीला वास नसतो. वास येतो तो भाजताना. म्हणून राजाने युद्धातून निवृत्त झालेले सैनिक नेमले. त्यांनी गल्लीबोळांतून हवा हुंगत फिरायचं आणि ज्या घरातून भाजणीचा वास येईल तिथे शिरून परवाना मागायचा. लोक त्यांना कॉफीहुंगे म्हणत. पुढे १९ व्या शतकाच्या शेवटी लुई काट्झेनश्टाइन या चित्रकाराने त्यांचं चित्र काढलं. राजा १७८६ मध्ये वारला आणि त्याच्यामागोमाग मक्ताही गेला. जर्मन लोकांना मात्र त्या टंचाईच्या काळात चिकोरीच्या मुळाची सवय लागली. ते मूळ भाजून, दळून कॉफीत घालणं तिथून युरोपभर पसरलं, आणि फिरत फिरत आमच्या सासूबाईंच्या डब्यापर्यंत आलं. मला हा मक्ता नेहमी महत्त्वाचा वाटतो, कारण घरच्या भाजणीवर पहिला घाला कायद्याने घातला होता आणि तो फसला. दुसरा घातला दुकानाने, तो पचला.

त्या दुसऱ्याची सुरुवात अमेरिकेत झाली. यादवी युद्धातले शिपाई कच्ची बी शेकोटीवर भाजत, बंदुकीच्या दस्त्याने ठेचत आणि डब्यात उकळत. घरोघरच्या बायकाही चुलीवर तेच करत, आणि अर्ध्या वेळी करपवत. १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्सने एका भाजणीयंत्राचं पेटंट घेतलं. यंत्र विस्तवावरून न उतरवता त्यातली बी बाहेर पडायची, त्यामुळे एकामागून एक घाणे काढता यायला लागले. पिट्सबर्गच्या जॉन आर्बकल या वाण्याने ते यंत्र घेतलं आणि भाजलेली कॉफी एकेक पौंडाच्या कागदी पिशवीत भरून विकायला काढली. भाजलेल्या बीचा वास उडू नये म्हणून तिच्यावर अंडं आणि साखर यांचा हात फिरवायचा, याचंही पेटंट त्याने १८६८ मध्ये घेतलं. पिशवीत पेपरमिंटची एक कांडी असायची. पश्चिमेकडच्या गुराख्यांच्या तळावर संध्याकाळी दळण कोणी दळायचं, तर ज्याला ती कांडी हवी त्याने. दोन पिढ्यांत अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांतून कच्ची बी नाहीशी झाली.

आपल्याकडे मुंबईत हेच काम पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी गृहस्थांनी केलं. त्यांचं टोपणनाव पॉली, त्यावरून पोलसन. लोकांना पोलसन म्हटलं की लोणी आठवतं, आणंदची डेअरी आठवते. ती १९३० ची. धंद्याची सुरुवात त्यांनी १८८८ मध्ये केली ती कॉफी भाजून दळून विकण्यापासून. माझ्या माहेरी, पुण्यात, कॉफी म्हणजे चिकोरी घातलेल्या पुडीचा डबा. दुधात पूड आणि साखर घालून उकळायची, वरून जायफळ उगाळायचं. पाहुणे आले, कोणी आजारी पडलं किंवा एकादशी असली तर. कॉफी ही भाजलेली बी असते हे मला लग्नापर्यंत माहीत नव्हतं म्हटलं तरी चालेल. शेंगदाणे, रवा, भाजणीची धान्यं, खोबरं, तीळ, सगळं खरपूस भाजणाऱ्या घरात कॉफीची बी कधी आलीच नाही. डबा आधी आला, मग चव आली. १९३६ मध्ये कॉफीचा खप वाढवण्यासाठी सरकारी उपकर समितीने पहिलं इंडिया कॉफी हाऊस काढलं तेही मुंबईत, चर्चगेटला. म्हणजे मुंबईकराला कॉफी भाजायला नव्हे, प्यायलाच शिकवायचं होतं.

माझं सासर तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात गेलेल्या देशस्थांपैकी. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं, १८५५ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केलं. राज्य गेलं तरी ही घरं कावेरीकाठीच राहिली, घरात मराठी आणि दारात तमिळ बोलत. आजेसासूबाई कुंभकोणमच्या. त्यांच्या लहानपणी घरात कॉफी नवी होती. त्याआधी सकाळी भातावरचं आंबवलेलं पाणी, नीरागारम, प्यायचे. तमिळ इतिहासकार आ. इरा. वेंकटाचलपति यांनी याच बदलावर लिहिलंय. १९ व्या शतकाच्या शेवटी आणि २० व्याच्या सुरुवातीला कॉफीने नीरागारमला कसं हुसकावलं, आणि कॉफी म्हणजे व्यसन, बायका बिघडल्या, समाज बुडाला असा केवढा गहजब झाला. आजेसासूबाईंनी त्या गहजबातून वाट काढली ती सोवळ्याने. दुकानातली पुडी नको, तिला कोणाकोणाचा हात लागलेला असतो. घरी भाजलेली, घरी दळलेली चालेल. हे सोवळं म्हणजे जातीचा अहंकार होता, दुसरं काही नव्हतं, आणि मला ते कधी पटलं नाही. पण त्याच्या आडोशाने त्या घरात ताजी भाजलेली कॉफी शंभर वर्षं टिकली, हेही नाकारता येत नाही.

पुढे घर बंगळूरला आलं तेव्हा बसवनगुडीच्या घराच्या मागच्या पडवीत आजेसासूबाईंचं भाजायचं यंत्र होतं. यंत्र कसलं, पत्र्याचा आडवा पिंप. त्याच्या पोटातून लोखंडी सळई गेलेली, सळईच्या एका टोकाला लाकडी मूठ, अंगाला सरकतं झाकण, आणि दोन्ही बाजूंनी खाचांत बसवायला चौकट. चौकटीखाली कोळशाची शेगडी. सासूबाई पाटावर बसून मूठ फिरवायच्या. वेग बदलायचा नाही. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. मग ओल्या गवताचा वास येतो, बी पिवळी पडते. मग भाकरी शेकल्याचा वास, बी तपकिरी. मला घाई व्हायची. "थांब गं, अजून बोलली नाही ती," त्या म्हणायच्या. आणि मग ती बोलायची. लाह्या फुटतात तशी तडतड, आधी एखादी, मग भरभर. बीच्या आतल्या ओलाव्याची वाफ आणि कोंडलेला वायू कवच फोडून बाहेर येतो, त्याचा हा आवाज. आता थर्मामीटर घेऊन बसणारी मुलं सांगतात की तेव्हा बी सुमारे २०० अंशांवर असते. ही तडतड थांबते, थोडी शांतता जाते, आणि २२५ च्या आसपास दुसरी तडतड सुरू होते. ती बारीक, कोरडी, घाईची. तिथे बीवर तेल यायला लागतं. फिल्टर कॉफीला सासूबाई दुसरी तडतड सुरू होताच पिंप उचलायच्या. तिच्या आत थांबलं तर दुधात चव हरवते, तिच्यापुढे मिनिटभर गेलं तर नुसती राख.

मग पळापळ. शेगडीवरून उतरवली तरी बी आतल्या उष्णतेने भाजत राहते, म्हणून ती लगेच सुपात ओतायची आणि पाखडायची. रुपेरी फोलपटं अंगणभर उडायची आणि मोलकरीण दुसऱ्या दिवशी बोल लावायची.

बी कुठली घ्यायची यावर घरात एकमत कधीच नव्हतं. कॉफीच्या फळात साधारण दोन चपट्या बिया असतात. काही फळांत एकच धरते आणि ती गोल होते, ती पीबेरी. पिंपात ती गडगडत फिरते, त्यामुळे सगळीकडून सारखी भाजली जाते. सासूबाई तिच्या बाजूच्या. सासरे प्लँटेशन ए च्या बाजूचे, म्हणजे धुऊन वाळवलेल्या अरेबिकाची मोठी चपटी बी. शेवटी दोन भाग पीबेरीला एक भाग ए असा तह व्हायचा. घरचं दळणयंत्र बाकाला स्क्रूने आवळलेलं, विलायती स्पाँग, आणि ते फिरवायचं काम मुलांचं. दळायची ती उद्यापरवापुरती.

त्या काळात कच्ची बी मिळणं अवघड नव्हतं, कारण सगळी कॉफी एकाच हाती होती. १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्ड आलं. युद्धामुळे युरोपची गिऱ्हाइकं तुटली होती आणि मळेवाले बुडायला आले होते. कायद्याने ठरवून दिलं की मळेवाल्याने घरच्या वापरापुरती ठेवून बाकीची सगळी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात घालायची, बोर्ड लिलावाने विकेल आणि पैसे नंतर वाटेल. बाबाबुडनगिरीची, कुर्गची, निलगिरीची बी एकत्र व्हायची. ग्राहकाला प्रत कळायची, मळा कळायचा नाही. बोर्डाच्या डेपोतून सासरे कच्ची बी आणायचे. कुठल्या डोंगरावरची, हे विचारायची सोयही नव्हती आणि कोणाला सुचतही नव्हतं. १९९० च्या दशकात ही सक्ती टप्प्याटप्प्याने सुटली आणि १९९६ पासून मळेवाला आपला माल आपल्या नावाने विकायला मोकळा झाला. आज घरी भाजणाऱ्या मुलांच्या हातात अमक्या मळ्याची, अमक्या उंचीवरची कच्ची बी पडते ती या बदलामुळे. माझ्या सासऱ्यांना ती कधी मिळाली नसती.

पण तोवर दक्षिणेतही घरची भाजणी संपत आली होती. बंगळूरच्या प्रत्येक पेठेत दुकानदार डोळ्यांदेखत भाजून, हवी तेवढी चिकोरी घालून, गरम गरम दळून द्यायला लागला. कोळसा जाऊन गॅस आला, अंगण जाऊन फ्लॅट आला. सासूबाईंच्या बहिणींनी पिंप केव्हाच मोडीत काढले होते. सासूबाई एकट्याच हटून बसल्या. मला याचं फार दुःख करावंसं वाटत नाही. जुन्या चवीच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांपैकी धुरात बसून मूठ फिरवणारं कोणी नसतं.

पुन्हा सुरू झालं ते अमेरिकेतूनच. मायकेल सिवेट्झ नावाच्या रसायन अभियंत्याने गरम हवेच्या झोतावर बी तरंगत ठेवून भाजायचं यंत्र काढलं, त्याचं पेटंट १९७६ चं. मग लोकांच्या लक्षात आलं की मक्याच्या लाह्या करायचं घरगुती यंत्रही याच तत्त्वावर चालतं, आणि ते कामाला लागले. केनेथ डेव्हिड्सचं घरच्या भाजणीवरचं पुस्तक १९९६ चं, आपल्या मळेवाल्याला मोकळीक मिळाली तेच साल. माझा मुलगा त्याच वाटेने आलाय. त्याचं यंत्र आलेख काढतं. तो आलेख बघतो, मी नाक पुढे करते, आणि बहुधा एकाच क्षणी दोघं "बस" म्हणतो.

विचारायला येणाऱ्यांना मी यंत्र घ्यायला सांगत नाही. जाड बुडाची लोखंडी कढई, लांब दांड्याचं लाकडी उलथनं, खिडकी उघडी, पंखा बंद. पहिल्यांदा पीबेरीच घ्या, ती सांभाळून घेते. कढईत २०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, हात थांबता कामा नये, आणि १२-१५ मिनिटांत काम संपायला हवं. आच मंद ठेवून अर्धा तास शेकत बसलात तर बी भाजली जात नाही, वाळते. तिची कॉफी सपक आणि कच्चट लागते. पहिली तडतड संपली की कुठेही उतरवा, प्यायलायक होते. आधी दोन चाळण्या जवळ ठेवा, एकीतून दुसरीत ओतत राहिलं की दोन-तीन मिनिटांत गार होते आणि फोलपटंही जातात. आधी आणि नंतर वजन करा. १५ टक्के घट आली तर मध्यम, १८ आली तर फिल्टरच्या जवळ, २० म्हणजे अमेरिकन फौज.

त्याच दिवशी दळू नका. ताज्या बीतून कार्बन डायऑक्साइड निघत असतो, घट्ट झाकणाचा डबा फुगतो आणि पाणी पुडीत नीट मुरत नाही. दिवसभर झाकण सैल ठेवावं. दुसऱ्या दिवशी पितळी फिल्टरमध्ये पूड घालून गरम पाणी ओतलं की ती फसफसून वर येते आणि डिकॉक्शन थेंबथेंब, रेंगाळत उतरतं. चिकोरी मी घालत नाही. जायफळ मात्र घालते, माहेरची सवय. सासूबाईंना ते शेवटपर्यंत मान्य नव्हतं. मी डबा उघडला की त्या आपला टंबलर उचलून पडवीत जाऊन बसायच्या.